पांढरीपांडे सरांची बारा वाक्यं

पांढरीपांडे सरांनी माझी खुर्ची पहिल्यांदा सरकवली ती मी कॉलेजात टायपिस्ट म्हणून लागले त्याच्या तिसऱ्या दिवशी. मी पाणी प्यायला उठले, परत येऊन बसले आणि बोटं टाइपरायटरवर पडायच्या ऐवजी टेबलाच्या कडेवर आपटली. खुर्ची चार बोटं डावीकडे गेलेली होती. सरळ करून कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त उजवीकडे. त्याच्या पुढच्या दिवशी मी पाण्याला गेल्याचं नाटक केलं आणि दारामागे दबा धरून उभी राहिले. तर काय! आमच्या डिपार्टमेंटचे रीडर, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पाय न वाजवता आत आले. दोन्ही हातांनी माझी खुर्ची उचलली, वीतभर मागे ठेवली, आणि खिशातून छोटी वही काढून त्यात काहीतरी लिहू लागले.

"सर!" मी ओरडलेच.

चोर पकडल्यावर दचकतो. हे मात्र मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, "तीन दिवस. वा! हेडक्लार्कला सात महिने झाले, त्याला अजून कळून नाही राहिलं."

आता माझा स्वभाव असा की मी कोणाचं ऐकून घेत नाही. माझा बाप कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मला खांद्यावर बसवून मैदानावर घेऊन गेला होता, आणि मी मॅट्रिक झाल्याबरोबर त्यानं मला टायपिंगच्या क्लासला घातलं. आमच्या वस्तीतली मी पहिली टायपिस्ट. मी सरांना सरळच विचारलं, "नवीन आहे म्हणून माझी गंमत करता, की गजभिये आडनाव आहे म्हणून?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही हो नाही! बाई, मी सगळ्यांच्या सरकवतो. प्रिन्सिपॉलची पण!" त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. खरंच होतं. प्रिन्सिपॉलच्या नावाचं स्वतंत्र पान होतं. 'खुर्ची दोन इंच पुढे. प्रतिसाद: शिपायावर ओरडले.' मला इतकं हसू आलं की राग कुठल्या कुठे गेला. तेव्हापासून पुढची तेरा-चौदा वर्षं मी त्यांचा प्रबंध टाइप करत राहिले.

प्रबंधाचा विषय त्यांनी त्याच दिवशी फळ्यावर एक चौकोन काढून मला समजावला. मी गणितात कच्ची, तरी तेवढं मला कायमचं समजलं. "हा डबा," ते म्हणाले. "आत काय आहे ते आपल्याला माहीत नाही. पण चालवायचा आहे, आणि आजपासून चालवायचा आहे. म्हणजे दोन कामं आली. एक, डबा नीट चालला पाहिजे. दोन, डबा ओळखीचा झाला पाहिजे. आता ओळख करून घ्यायची तर त्याला डिवचावं लागतं. थोडं इकडून, थोडं तिकडून. आणि डिवचला की तो नीट चालत नाही!"

"मग नका ना डिवचू."

"तिथंच तर सगळे फसतात! न डिवचता छान चालला, चालला, चालला. आपण खूश. पण आतून तो बदलून राहिलेला असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. मग एक दिवस धाडकन!" त्यांनी फळ्यावर डस्टर आपटलं. खडूचा धुरळा उडाला.

"मग किती डिवचायचं असतं?"

"तेच तर शोधून राहिलो," सर खोकत म्हणाले. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाचं नाव होतं 'किती?' मी तो प्रबंध चार वेळा पहिल्यापासून टाइप केला. समीकरणांसाठी जागा सोडायची, सर नंतर हातानं लिहायचे. शेवटच्या प्रकरणाचं चारही वेळा मी फक्त नाव टाइप केलं. खाली कोरं पान.

असा माणूस कॉलेजबाहेरही तसाच असणार. एका आठवड्यात घड्याळ डाव्या मनगटाला, पुढच्या आठवड्यात उजव्या. स्कूटरला किक मारण्याआधी तिच्या पत्र्यावर टिचकी मारून ऐकायचे. आमचा शिपाई दौलत त्यांच्यासाठी चहा आणायचा, तर त्याला रोज वेगळी सूचना: आज साखर अर्धी, आज दूध दुप्पट, आज दहा मिनिटं उशिरा आण. दौलत एकदा कावून म्हणाला, "सर, तुमाले रोज येगळा चा काहून पायजे? एकदाचा काय तो सांगून टाका ना!" सर म्हणाले, "दौलत, मला चहा नाही समजून घ्यायचा. मला तू समजून घ्यायचा आहेस." दौलत त्यानंतर दोन दिवस कँटीनच्या मागे लपून बसला होता.

नागपूरचा मे महिना म्हणजे काय ते नागपूरच्याच माणसाला विचारा. सगळं शहर दुपारी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्यांमागे पडून असतं. सरांच्या घरी खिडकीत पत्र्याचा कूलर होता आणि त्यावरून नवराबायकोचं वैर होतं. सरांना गरम सहन व्हायचं नाही. इंदूताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ओल सहन व्हायची नाही, गुडघे धरायचे. इंदूताई मूळच्या सावनेरच्या. एरवी आमच्यासारखंच नागपुरी बोलायच्या, पण खरा राग आला की सावनेर बाहेर पडायचं, मले-तुले सुरू व्हायचं. सरांच्या वहीत त्याचीसुद्धा नोंद होती. 'ले लागलं की खरा राग. त्याआधीचा सगळा दिखावा.'

तर या दोघांसाठी सरांनी कूलरला एक पेटी जोडली. आत रिले, तारा, बाहेर एक लाल दिवा. पेटी स्वतःच ठरवणार, पंखा किती आणि पाणी किती, म्हणजे सर थंड राहतील आणि गुडघे कोरडे. फक्त अधूनमधून लाल दिवा लागायचा. लाल दिवा लागला म्हणजे पेटी शिकते आहे. तेव्हा ती मनाला येईल तसं पाणी सोडायची, मनाला येईल तसं बंद करायची, आणि खोलीचं काय होतं ते बघायची. इंदूताई मागच्या बाजूनं जाऊन गुपचूप पाण्याची तोटीच पिळून टाकायच्या. पेटीला बिचारीला वाटायचं, कूलरच्या ताट्या जुन्या झाल्या. ती पंखा अजून वाढवायची. सर आठवडाभर समीकरणं तपासत बसले होते आणि मी इंदूताईंना शब्द दिला होता म्हणून गप्प होते.

अशात त्यांच्या मुलीला, नीताला, बघायला पाहुणे आले. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनच्या कॉलनीतलं दाणी कुटुंब. सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. मला वाटलं पोह्यांना मदत करायला. त्यांनी माझ्या हातात वही दिली आणि म्हणाले, "तुम्ही कोपऱ्यात बसा. पाहुण्यांचा प्रतिसाद टिपून ठेवा."

पाहुणे बसले. पोहे आले. नीता खाली मान घालून बसली. दाणीसाहेबांनी घसा साफ केला, आता विचारणार शिक्षण किती, तेवढ्यात लाल दिवा लागला.

पहिला सपकारा दाणीबाईंच्या रेशमी साडीवर. दुसरा पोह्यांवर. मग पाणी बंद, आणि बाहेरची लू, तो भाजणारा वारा, सरळ दाणीसाहेबांच्या तोंडावर, त्यांचा ओला रुमाल टिपता टिपता वाळला. मग पुन्हा सपकारा. मुलगा बिचारा ताट डोक्यावर धरून बसला.

"बंद करा वो ते!" इंदूताई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या. "मले तोंड दाखवाले जागा नाही ठेवली या माणसानं!"

"आता कसं बंद करू?" सर म्हणाले. "आतापर्यंत शिकलेलं सगळं वाया जाईल!"

मी वहीत लिहिलं: 'ले लागलं.' आणि डोळे मिटून घेतले. म्हटलं, गेलं हे स्थळ. पण दाणीसाहेब उठले. चष्मा पुसला, पेटीकडे गेले, वाकून बघितलं. "पांढरीपांडे साहेब," ते म्हणाले, "हे तुम्ही मुद्दाम हलवून राहिले ना? आम्ही बॉयलरचा व्हॉल्व्ह असाच थोडा थोडा हलवून बघतो. शिफ्टचे बाकी लोक मला येडा म्हणतात."

सर त्यांच्याकडे असे बघायला लागले की मलाच लाजल्यासारखं झालं. मग दोघं खिडकीच्या बाहेर उन्हात गेले ते दोन तास आलेच नाहीत. नीता मला म्हणाली, "बाई, मला कोणी माझं नावसुद्धा विचारलं नाही." जाताना दाणीसाहेब चपला घालता घालता म्हणाले, "मुलगी पसंत आहे. दिवाळीला येतो, तोवर पेटी कुठवर शिकली ते बघू." दिवाळीला कूलर लावला. सगळे स्वेटर घालून समोर बसले होते. सर म्हणाले, थंडीचीही तिला माहिती हवी.

नीता लग्न होऊन खापरखेड्याला गेली आणि सरांचं घर शांत झालं. दुसऱ्या कोणाला बरं वाटलं असतं. सर एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"बाई, घरात भांडण होऊन नाही राहिलं."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं? सहा आठवडे झाले! मी घरी जातो, ती काय बोलेल ते मला आधीच माहीत असतं आणि ती तेच बोलते. सगळं बरोबर येऊन राहिलं. बाई, मला भीती वाटते. तीस वर्षांनी ती आतून काय झाली असेल, मला पत्ता नाही."

मी म्हटलं, सर, बायको म्हणजे डबा नाही. ते म्हणाले, डबा कोण म्हणतंय, डब्याची मला एवढी काळजी वाटली असती का?

त्यांचा उपाय असा. रोज ठरवून भांडलं तर तिला सवय होणार आणि काही कळणार नाही. म्हणून सापशिडीचा फासा. तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असायचा. संध्याकाळी निघताना टाकायचा, सहा पडले तर त्या दिवशी घरी जाऊन एक डिवचण्याचं वाक्य बोलायचं. वाक्यं मात्र पूर्वतयारीची हवीत, सौम्य ते तीव्र अशा क्रमानं. त्यांनी बारा वाक्यं हातानं लिहून माझ्याकडे दिली. टाइप करून द्या म्हणाले.

मी केली. अजून पाठ आहेत. एक: आमटीत मीठ कमी आहे. (कंसात: व्यवस्थित असताना.) तीन: तुझं घोरणं शेजारी ऐकू जातं. सात: तुझ्या भावाला कापसातलं काही कळत नाही. नऊ: ही साडी डिपार्टमेंटच्या पडद्यासारखी दिसते. बारा: मी मेलो तर तुला सुटल्यासारखं वाटेल. बारावर सरांनी फुली मारली होती आणि खाली टीप: 'फक्त अत्यावश्यक प्रसंगी.'

आता चूक झाली ती माझी. दिवसाला तीस तीस पत्रं टाइप करणाऱ्या बाईचा हात मेंदूला विचारत नाही. वर मी लिहिलं, 'विषय: सौ. इंदुमती पांढरीपांडे यांस डिवचण्याची वाक्ये'. आणि खाली, सवयीनं, जसं प्रत्येक पत्राखाली लिहायचे तसं: 'प्रत संबंधितांस माहितीसाठी.' कार्बन लावून तीन प्रती काढल्या. एक सरांना, एक फाइलला. तिसरीवर आमच्या हेडक्लार्कनं जावक क्रमांक टाकला, ट्रेमध्ये ठेवली, आणि दौलतनं ती दुपारी सायकलवरून सरांच्या घरी नेऊन इंदूताईंच्या हातात दिली. वर पोच म्हणून सहीसुद्धा आणली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता इंदूताई ऑफिसात हजर. उंच बाई, हातात ते पत्र. हेडक्लार्क आपोआप उठून उभा राहिला. सर वर्गावर होते म्हणून वाचले.

"हे तूच टाइप केलं ना वं?"

मी मान हलवली.

"साडी पडद्यासारखी?"

"ताई, मी फक्त टाइप..."

"माह्या भावाले कापसातलं कळत नाही?"

ले लागलं. मी मनात म्हटलं, गजभिये, गेली तुझी नोकरी. पण त्या समोरच्या स्टुलावर बसल्या, पदरानं घाम पुसला आणि हसायलाच लागल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या. "काय माणूस आहे गं! सहा आठवडे झाले, मला वाटलं यांना काही होऊन राहिलं का, गप गप बसतात. मी घाबरून एक शब्द वाकडा नाही बोलली." मग पत्र टेबलावर सरळ करत म्हणाल्या, "ऑफिसच्या पत्राला उत्तर द्यावं लागतं ना? मग लाव कागद."

बाराला बारा उत्तरं त्यांनी मला तिथल्या तिथं सांगितली, आणि मी टाइप केली. एक: मीठ कमी असेल तर जीभ तपासून घ्या. सात: माझ्या भावाला कापसातलं कळत नाही, तुम्हाला माणसातलं कळत नाही, फिट्टंफाट. बारा: आधी मरून दाखवा, मग बोलू. हेडक्लार्क खाली मान घालून हसत होता.

बारा झाल्यावर त्या थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेरा."

"ताई, त्यांची बाराच आहेत."

"बाराही वाक्यांच्या मागं ते एकच विचारून राहिले ना. त्याचं उत्तर. लिही: बोला, काय बोलाचं ते बोला. मी कुठी जाऊन नाही राहिली."

रागाचा मागमूस नव्हता, तरी बोली सावनेरची होती. मी अर्धं टाइप केलं असेल नसेल, त्यांनी हात माझ्या रोलरवरच ठेवला. "नको. काढ तो कागद. बाराचंच पुन्हा कर. तेरा माझ्याजवळ राहू दे."

"काहून ताई?"

"त्यांना हे कळलं, खात्री झाली, तर डिवचणं सोडतील. मग घरात बोलणार कोण? तू कोणाला सांगशील तर बघ!"

मी पूर्ण पान पुन्हा टाइप केलं. जावक क्रमांक पडला, आणि सरांना त्यांच्याच डिपार्टमेंटमधून बायकोचं पत्र मिळालं. ते त्यांनी उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, आणि मला म्हणाले, "बाई, यातली चार उत्तरं मला अपेक्षित नव्हती. चार!" त्या दिवशी त्यांनी सगळ्या डिपार्टमेंटला समोसे खाऊ घातले.

पुढं काही वर्षं त्यांच्या घरात असंच, नुसत्या आकड्यांवर चाललं. सर दारातून म्हणायचे "नऊ", आतून आवाज यायचा "नऊ". पाहुण्यांना काही समजायचं नाही. मी गेले की इंदूताई चहा ठेवता ठेवता माझ्याकडे बघून तेरावर बोट ठेवल्यासारखं हसायच्या, आणि मी कपात तोंड घालायची.

मग एका वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी इंदूताई अंगणात कोसळल्या. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. दवाखान्यातून पंधरा दिवसांनी घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सरांना बजावलं, यांना कसलाही त्रास नको, मनाला धक्का नको, खोलीत शांतता ठेवा.

सरांनी शांतता ठेवली, आणि कशी! दाराच्या कडीला कापूस गुंडाळला. स्कूटर नाक्यावर बंद करून ढकलत आणायचे. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं. सावनेरहून इंदूताईंचे भाऊ सुधाकरराव येऊन राहिले होते, ते कापसाचे व्यापारी, मोठ्या आवाजाचे, त्यांना सरांनी बोलायलाच बंदी केली. इंदूताई छताकडे बघत पडलेल्या. येणारे जाणारे बाहेर ओसरीवर कुजबुजायचे, आता त्यांना काही समजत नाही हो, नुसता देह आहे.

आणि कॉलेजात माझी खुर्ची जागेवर. एक दिवस, दोन दिवस, तीन आठवडे. रोज पाण्याला जायची, रोज मुद्दाम जरा जास्त वेळ लावायची, परत यायची, खुर्ची तिथंच. एक दिवस मी त्या खुर्चीत बसून रडले. खुर्ची जागेवर आहे म्हणून रडणारी बाई कोणी बघितली नसेल. हेडक्लार्कनं बघितली आणि तोही नाक शिंकरायला बाहेर गेला.

त्याच दिवशी सर आले. पांढरा शर्ट चुरगळलेला. "बाई, किती?"

"काय किती, सर?"

"डॉक्टर म्हणतात शून्य. शून्य डिवचलं तर ती आत आहे की नाही, मला कसं कळायचं? आणि डिवचलं, आणि दुसरा झटका आला तर?" ते माझ्या टेबलाला धरून उभे होते. "एवढी वर्षं हेच करून राहिलो मी. एवढी वर्षं. आणि मला माहीत नाही हो, किती."

त्यांना काय सांगणार? कोऱ्या पानावर नाव टाइप करण्यापलीकडे त्या प्रकरणाशी माझा काय संबंध? पण कोणीतरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "सर, एक नंबर बोला. मिठाचं. मिठानं कोणाला झटका येत नाही."

सरांनी विचार केला. "मीठ डॉक्टरांनी बंद केलं आहे."

"मग तर झालंच! आमटीत मीठ कमी आहेच."

"तेच तर! आता ते खरं आहे. खऱ्या वाक्यानं काय डिवचलं जाणार?"

देवा! एवढ्या दुःखातही त्या माणसाची पद्धत सुटत नव्हती. आम्ही दोघं यादी घेऊन बसलो. तीन, घोरणं: चालणार नाही, आता त्या घोरतात ते आजारानं. नऊ, साडी: गाऊन आहे. बाराचं नावच काढायचं नाही. शेवटी सातावर बोट आलं. भाऊ खोलीतच बसलेला आहे, वाक्य खोटं आहे, आणि ताकद मध्यम.

त्याच दुपारी मी त्यांच्याबरोबर गेले. दारात उभी राहिले. सुधाकरराव खुर्चीत पेंगत होते. सर पलंगाजवळ बसले, वही मांडीवर ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. इंदूताईंच्या छातीवरची चादर वरखाली होते आहे ना, ते त्यांनी आधी बघितलं. मग अगदी हळू, दवाखान्यात बोलतात तसं म्हणाले, "इंदू, सुधाकरला कापसातलं काही कळत नाही."

"आँ?" सुधाकरराव खडबडून उठले. "भाऊजी, मी काय केलं?"

सरांनी त्यांना हातानंच गप्प केलं. नजर घड्याळावर. एक मिनिट गेलं. दीड मिनिट. मग चादरीवरचा डावा हात हलला. पाच बोटं उघडली. मिटली. मग दोन उघडली.

"सात!" मी ओरडले. शांतता गेली खड्ड्यात!

सरांना वहीतलं पान सापडेना. पाठ होतं त्यांना, तरी त्यांना ते वाचायचंच होतं. वाचलं: "माझ्या भावाला कापसातलं कळत नाही, तुम्हाला माणसातलं कळत नाही, फिट्टंफाट." आणि चादरीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. सुधाकरराव मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "अहो पण मला काहून नाही कळत कापसातलं? तीस वर्षं धंदा करून राहिलो!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाणी पिऊन आले, बसले, आणि बोटं टेबलाच्या कडेवर आपटली. मी खुर्ची सरळ केली नाही. दिवसभर तशीच तिरकी बसून टाइप केलं.

मग फासा पलंगाच्या उशाशी गेला. डॉक्टरांना सरांनी काही सांगितलं नाही, सुधाकररावांनी सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाले, चालू द्या, पण हळू. सर म्हणाले, हळू म्हणजे किती, आणि डॉक्टर पळाले. प्रबंध सरांनी शेवटपर्यंत दिला नाही. मी विचारलं तर म्हणायचे, शेवटचं प्रकरण चालू आहे.

मी त्यांना शेवटचं एकत्र बघितलं ते माझी बदली दुसऱ्या गावी झाली, तेव्हा निरोप घ्यायला गेले त्या दिवशी. सर निवृत्त झाले होते. इंदूताई उशीला टेकून बसवलेल्या, अर्धा चेहरा उतरलेला, डोळे मात्र तसेच. सरांनी माझ्यासमोर फासा टाकला. सहा. त्यांनी यादी उघडली, बराच वेळ बघत राहिले, मग बंद केली. आणि यादी न बघता म्हणाले, "इंदू, मी मेलो तर तुला सुटल्यासारखं वाटेल."

बारा. फुलीचं वाक्य. पण ते डिवचण्यासारखं निघालंच नाही. मध्येच आवाज फाटला. म्हातारा खरंच विचारत होता.

डावा हात वर आला. पाच. मिटला. पाच. मिटला. सरांचे ओठ 'बारा' म्हणायला तयार होते. तीन बोटं उघडली.

"तेरा?" सर म्हणाले. "चुकली तू. पुन्हा कर."

पाच. पाच. तीन.

"पण तेरा नाहीच यादीत! बाई, तुम्ही टाइप केलं होतं. तेरा काय होतं?"

इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य सांगितलं असतं तर त्या माणसाच्या सगळ्या आयुष्याचं कोरं पान भरलं असतं, आणि त्याला रात्री झोप लागली असती. मला त्याची इतकी दया आली की काय सांगू. पण त्या डोळ्यांत तो रोलरवर ठेवलेला हात अजून तसाच होता.

"मला काय माहीत, सर," मी म्हटलं. "मी बाराच टाइप केली."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळायला लागला. "म्हणजे मला माहीत नसलेलं अजून काहीतरी आत आहे," ते म्हणाले. "बाई, म्हणजे शोधावं लागणार!" त्यांनी वहीचं नवीन पान काढलं, दोन पेनांपैकी एक उघडलं. मी जाते म्हटलेलं त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. इंदूताईंनी अर्ध्या चेहऱ्यानं हसून मला निरोप दिला.

मी फाटकाशी चपला घालत होते तेव्हा खिडकीतून सरांचा आवाज आला, "इंदू, आमटीत मीठ कमी आहे." मग थोडा वेळ काही नाही. मग सर म्हणाले, "अगं, याला पण तेरा?"